इंग्लंडच्या खेड्यात भाचीकडे सहा आठवडे, गाडी नाही. कुठे कुठे फिरता येईल?

बडोदेकरीण

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून लिहिते आहे.

मी डांडिया बाजारात राहते, वय ६३. हे ७० चे. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी लग्न करून इंग्लंडला गेली त्याला अकरा वर्षं झाली. बहीण आता नाही, त्यामुळे तिला माहेर म्हणून मीच. दर रविवारी फोनवर एकच पालुपद, "मावशी, कधी येतेस?" यंदा एकदाचा व्हिसा काढला. १० मेपासून सहा आठवडे जातोय.

भाची लंडनला नाही. ग्लॉस्टरशरमध्ये मोरटन-इन-मार्श म्हणून छोटं गाव आहे, तिथे राहते. व्हिडिओ कॉलवर मागच्या खिडकीतून मेंढ्या दाखवते. दोघंही नोकरीला, मुलगी शाळेत. जावई म्हणाले, शनिवार-रविवार आम्ही फिरवू. फिरवतीलच, गुणी आहेत. पण मधले पाच दिवस? हे घरात बसले की टीव्हीचा आवाज वाढतो, मग माझा आवाज वाढतो. दुसऱ्याच्या घरात ते बरं दिसत नाही. तिथे गाडी चालवणं ह्यांना जमायचं नाही; इथली स्कूटरसुद्धा मागच्या दिवाळीपासून जिन्याखाली झाकून ठेवली आहे.

माझा डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. सपाटीवर तीन-चार किलोमीटर चालते, कमाटीबागेत रोजची सवय आहे.

लंडनची फारशी हौस नाही. शाळेत असताना इंग्रजीच्या पुस्तकात एक चित्र होतं. बुटका दगडी पूल, खाली पाण्यात बदकं, आणि पुलावरून टोपली घेऊन चाललेली एक म्हातारी. असलं काही खरंच असतं का, ते बघायचं आहे. हे हसतात. म्हणतात, ती म्हातारी आता नसेल.

आणि हो, भाचीने पेढे, लीलो चिवडा आणि भाकरवडी मागितली आहे. चालतं ना न्यायला?


रावपुऱ्याचा मास्तर

ताई, तुमच्या यजमानांना सांगा, पूलही आहे आणि बदकंही आहेत. म्हातारीचं बघू.

मी रावपुऱ्यातला, इतिहास शिकवायचो, आता निवृत्त. दोन वर्षांपूर्वी मुलाकडे तीन महिने होतो, तुमच्या भाचीच्या गावापासून अर्ध्या तासावर. हा मुलूख पायाखालचा आहे. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी पेढे. नेऊ नका. दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून तिकडे न्यायला बंदी आहे, त्यात तूपही आलं. आमच्या सौ.नी चिवड्याच्या डब्याच्या तळाशी पेढे दडवले होते. त्या अधिकारी बाईने डबा उघडला, वरचा चिवडा बाजूला सारला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की चाळीस वर्षं मी कॉपी करणाऱ्या पोरांकडे जसं पाहिलं तसंच. दीड किलो पेढे स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकले. भाकरवडी आणि चिवडा बिनघोर न्या. कढीपत्ता आणि आंबेही हातातून नको, ताज्या पाल्या-फळांना बहुतेक वेळा सरकारी दाखला लागतो.

आता फिरण्याचं. तिकडचं सगळ्यात मोठं प्रेक्षणीय स्थळ फुकट आहे, आणि ते म्हणजे पायवाटा. इंग्लंड-वेल्स मिळून सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास भरतात. त्या सरळ कुणाच्याही शेतातून जातात, कधी कुणाच्या परसाच्या कडेने. जमीन मालकाची, वाट सगळ्यांची. मालकाला ती अडवता येत नाही. मला पहिले आठ दिवस हे पचलंच नाही. आपल्याकडे दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला तर तीन पिढ्या कोर्टात जातात. मी आपला प्रत्येक फाटकाशी थांबून "कुणी ओरडेल का?" म्हणून बघायचो. खांबावर पिवळा बाण असेल तर वाट चालणाऱ्यांची, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही येणार. ऑर्डनन्स सर्व्हे ह्या तिकडच्या सरकारी नकाशा खात्याचा नारिंगी वेष्टणाचा नकाशा घ्या, एक्स्प्लोरर ओएल ४५. त्यात चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि पायवाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. फोनवर विसंबू नका, दरीत उतरलात की रेंज जाते.

तुमचं चित्र मोरटनपासून एका बसवर आहे. ८०१ नंबरची बस स्टो गावावरून बोर्टन-ऑन-द-वॉटरला जाते. तिथे विंडरश नावाची नदी गावाच्या मधोमध वाहते. नदी कसली, आपली विश्वामित्री तिच्यापुढे गंगा म्हणायची. घोटाभर स्वच्छ पाणी, त्यावर बुटके दगडी पूल, खाली बदकं. पण जत्रा असते हो. म्हणून तिथे न थांबता शेतातल्या पायवाटेने लोअर स्लॉटर गाठा. जेमतेम दीड-दोन किलोमीटर, जवळजवळ सपाट. (स्लॉटर म्हणजे कत्तल नव्हे. जुन्या इंग्रजीत चिखलाच्या जागेला तसला शब्द होता, तो नावात राहिला.) तिथे ओढा, दगडी फळीसारखे पूल, जुनी पाणचक्की आणि शांतता. घरं सगळी मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाची, छपरंही दगडाचीच. शेतांच्या कुंपणभिंतींत चुना-सिमेंट काही नाही, दगडावर दगड नुसता रचलेला, कोकणातला गडगाच.

बसचं वेळापत्रक मात्र नीट वाचा. हे मी अंगावर बेतल्यामुळे सांगतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं शेजारच्या एका खेड्यात गेलो. दगडी थांब्यात बसलो, पावणेचारची बस. चार वाजले, सव्वाचार वाजले. वेळेच्या शेजारी एक बारीक अक्षर होतं, मी ते खडूचा डाग समजून सोडून दिलं होतं. कुत्रं घेऊन एक बाई आल्या, त्यांनी खुलासा केला: ही बस शाळा असेल त्याच दिवशी येते, आणि ह्या आठवड्यात शाळांना अर्ध्या सत्राची सुट्टी. दुसरी बस? उद्या. सौ. काहीच बोलल्या नाहीत, जे जास्त वाईट. शेवटी त्या बाईंनी दाखवलेल्या पायवाटेने चार किलोमीटर चालत आलो.

त्या वाटेवर किसिंग गेट लागलं. नावावर जाऊ नका. अर्धगोल कठडा असतो आणि त्यात अडकलेलं एक झुलतं दार. दार पुढे ढकलायचं, आपण कठड्याच्या खोबणीत शिरायचं, मग दार पोटावरून मागे सरकवून पलीकडे निघायचं. माणूस निघतो, मेंढीला हे गणित जमत नाही. आम्ही दोघं एकदमच आत शिरलो, छत्री, पर्स आणि बटाट्याच्या पिशवीसकट. दार पुढेही जाईना, मागेही येईना. पन्नासेक मेंढ्या चरायचं सोडून बघत उभ्या. तेव्हा सौ. बस थांब्यापासून पहिल्यांदा बोलल्या, "आधी तुम्ही, मग मी. लग्नातसुद्धा असंच असतं." तर ताई, एका वेळी एकाने. आणि जिथे भिंतीवरून चढून जायच्या लाकडी पायऱ्या असतील, ती वाट तुमच्या गुडघ्याला सोडा.

आता माझ्या विषयावर येतो. मोरटनपासून पाऊण कोसावर सेझिनकोट नावाची कोठी आहे. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा केलेल्या कॉकरेल नावाच्या माणसाने भावाकडून १८०५ च्या सुमाराला बांधून घेतली; भाऊ वास्तुविशारद. हिरव्या कॉट्सवोल्ड (ह्या मुलखाचं नाव) टेकडीवर तांब्याचा कांद्यासारखा घुमट, मोगली छज्जे, आणि बागेतल्या पुलाच्या कठड्यावर नंदी! सूर्याचं छोटं देऊळसुद्धा आहे. नंदीपुढे सौ.नी चपला काढल्या, मागची गोरी मंडळी घोटाळली आणि त्यातल्या एकाने टोपी काढली. आपला लक्ष्मीविलास राजवाडा मेजर मँट नावाच्या इंग्रजाने आखला, १८९० ला पुरा झाला, तर आपल्याला वाटतं साहेबाने आपल्या देशात येऊन आपली नक्कल केली. इथे साहेबाने स्वतःच्या गावात, त्याच्या पंच्याऐंशी वर्षं आधी केली होती. बाग ठरावीक दिवशी, दुपारीच उघडते, आधी विचारून जा. बंद असली तरी बोर्टन-ऑन-द-हिल ते लाँगबरो ही पायवाट कोठीच्या आवारातून जाते, घुमट तिथूनही दिसतो.

आणि जवळच डेल्सफर्ड. वॉरन हेस्टिंग्जचं, म्हणजे कंपनीच्या पहिल्या गव्हर्नर जनरलचं गाव. वाडवडिलांच्या हातून गेलेली जमीन त्याने हिंदुस्थानातून परतल्यावर परत विकत घेतली आणि वाडा बांधला, तोही त्याच कॉकरेल वास्तुविशारदाकडून. वाडा खासगी आहे, पण चर्चपाशी त्याची कबर आहे. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध आणि १७८२ चा सालबाईचा तह ह्याच्याच कारकिर्दीतला. मी चाळीस वर्षं फळ्यावर हे नाव लिहिलं. माणूस वारला २२ ऑगस्ट १८१८ ला. त्याच साली जूनमध्ये दुसरा बाजीराव पेशवा माल्कम साहेबाच्या स्वाधीन झाला होता. आजूबाजूला चिटपाखरू नाही, एक कबुतर तेवढं घुमत होतं. मी उगाच दहा मिनिटं उभा राहिलो. सौ. म्हणाल्या, ह्यालाही तास घेणार का?

आगगाडीचं एक वाक्यात: साठीच्या पुढच्या कुणालाही सीनियर रेलकार्ड मिळतं, पासपोर्ट दाखवून, आणि बहुतेक तिकिटांवर तिसरा हिस्सा सुटतो. मोरटनला स्टेशन आहे, ऑक्सफर्ड पाऊण तासाच्या आत.


कार्पेटवाली

मावशी, मी तुमच्या भाचीच्या पार्टीतली. माहेर वाडीतलं, चौदा वर्षं इकडे आहे. सरांनी बाहेरचं सगळं सांगितलं, मी घरातलं सांगते, कारण तुमची भाची ते तुम्हाला कधीच सांगणार नाही.

इथल्या बाथरूमला मोरी नसते. जमिनीवर सांडलेलं पाणी जायला वाटच नाही, ते खालच्या मजल्याच्या छतातून उतरतं. माझ्या सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी बादली-तांब्याने यथासांग आंघोळ केली आणि खाली जेवणाच्या टेबलावर अभिषेक झाला. टबात उभं राहून, पडदा टबाच्या आत घेऊन आंघोळ करायची. काकांना विमानात बसायच्या आधी सांगा.

फोडणी. पंखा लावून, खिडकी उघडून, स्वयंपाकघराचं दार बंद करून. नाहीतर जिन्यातला धुराचा अलार्म कोकलतो. पण फोडणी करा जरूर! बुधवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर आयतं वरण-भात-भाजी समोर आलं, की तुमची भाची रडेल. मी रडले होते.

शनिवार-रविवारबद्दल सरळच सांगते. इथे कपडे, बाजारहाट, मुलीचे क्लास, सगळं त्याच दोन दिवसांत. रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी. सहाही आठवडे त्यांनी तुम्हाला फिरवलं तर सातव्या आठवड्यात ते आजारी पडतील. एक दिवस त्यांचा, एक तुमचा, असं तुम्हीच आधी बोलून टाका. जावई नको-नको म्हणतील. ऐकू नका.

जूनमध्ये इथे उजेड साडेनऊ-पावणेदहापर्यंत असतो. माझ्या सासूबाई दिवेलागण झाल्याशिवाय जेवायच्या नाहीत. तीन दिवस उपाशी पेंगत बसल्या, मग म्हणाल्या, ह्या देशात देव घड्याळाने चालतात असं समजू. पहाटे चारलाच फटफटतं, डोळ्यांवर बांधायला काहीतरी आणा.

सरांच्या मेंढ्या निरुपद्रवी, पण गायींबरोबर वासरं असतील त्या शेतात मध्ये शिरू नका, कडेने लांबून जा. उंच गवतात अख्खी पँट घाला. नेटल नावाचं खाजरं झुडूप वाटेवर असतंच आणि गोचिडीही असतात. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा. बाहेर जेवायचं तर दोनच्या आत, खेड्यातल्या पबची चूल दुपारी बंद होते. शाकाहारी असाल तर भाजलेल्या बटाट्यावर चीज किंवा बीन्स हा हुकमी पदार्थ. सूप भाज्यांचं असलं तरी कशाच्या पाण्यात उकळलंय ते विचारा. प्रवासाचा आरोग्य विमा न काढता येऊ नका, पाहुण्यांना इथल्या हॉस्पिटलातले बहुतेक उपचार फुकट नाहीत.

आणि सर, अर्ध्या सत्राच्या सुट्टीत बोर्टनला कुणाला पाठवू नका हो! पूल दिसत नाही, नुसती डोकी दिसतात. मावशी, तुम्ही पहिल्या आठवड्यात, मंगळवार सोडून जा. मंगळवारी मोरटनमध्येच मोठा बाजार भरतो, तो बघा.


घोड्यांचा नाद

बडोद्याची माणसं इंग्लंडला चालली आणि घोड्यांच्या शर्यतींच्या गावाचं, न्यूमार्केटचं नाव कुणी काढलं नाही? मास्तर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

प्रतापसिंहराव महाराजांनी १९४५ ला एक वर्षाचं शिंगरू लिलावात २८,००० गिनींना घेतलं. एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग, म्हणजे झाले २९,४०० पौंड, तेव्हाचा उच्चांक. नाव ठेवलं सयाजीराव. आजोबांचं नाव घोड्याला! आमचे वडील सांगायचे, पेपरात "सयाजीराव जिंकले" असं छापून आलं की जुनी माणसं हात जोडायची आणि मग कळायचं. १९४७ ची सेंट लेजर ही मोठी शर्यत त्याने मारली. पुढच्या वर्षी महाराजांच्याच माय बाबू ह्या घोड्याने टू थाउजंड गिनीज नावाची शर्यत. न्यूमार्केटमधला वॉरन प्लेस हा तबेला महाराजांचा होता, आता दुसऱ्यांकडे आहे, आत सोडत नाहीत. पण सकाळी लवकर वॉरन हिलवर घोडे सरावाला येतात, ते रस्त्यावरून कुणीही बघावं. शर्यतींचं संग्रहालयही आहे. मोरटनहून लंडन, तिथून केंब्रिज, तिथून न्यूमार्केट. एका दिवसात ओढाताण होईल, रात्रीचा मुक्काम करा.

गुडघ्याला काही चढ-उतार नाही. नुसतं उभं राहायचं.


रावपुऱ्याचा मास्तर

चूक कबूल. पण घोड्यावरून वाद नको, त्यांना सहा आठवड्यांत भाचीलाही भेटायचं आहे. आणि महाराजांचंच काढायचं तर टेनिसन कवीचं ऑल्डवर्थ हे घर थोरल्या सयाजीरावांनी घेतलं होतं, ते तुमच्या घोड्याच्या आधी येतं.


बडोदेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंट काढून फ्रिजवर लावलं आहे.

पेढे रद्द. भाचीला सांगितलं तर म्हणाली, "मला माहीत होतं मावशी, पण मागायची सवय जात नाही." त्यावर आम्ही दोघी थोडा वेळ गप्पच होतो.

शनिवार-रविवारचं जावयांशी बोलले. ते नको-नको म्हणाले, मी ऐकलं नाही. रविवार त्यांचा. कार्पेटवाली, मोरीचं ह्यांना सांगितलं तर ह्यांनी एक तास त्यावर विचार केला आणि विचारलं, मग पाय कुठे धुवायचे? ह्याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर जरूर कळवा.

न्यूमार्केट ह्यांनी पक्कं केलं आहे. माझं लोअर स्लॉटर, ह्यांचे घोडे, आणि हेस्टिंग्जची कबर वेळ उरला तर. सर, रागावू नका.

घोट्यापर्यंत येणारे बूट घेतले दोघांनी. हे रोज सकाळी कमाटीबागेत ते घालून फेऱ्या मारतात, लोक बघतात. काल बाहेर पडताना गेटाशी मला हाताने अडवलं आणि म्हणाले, "थांब. आधी मी, मग तू."